पूर्वेच्या रांगेचं पाणी

१

झाडं मेली होती. एक-दोन नाही, साठ. गेल्या पावसाळ्यात मंडळातल्या लोकांनी स्वतः खड्डे खणून लावलेली, करंज, बहावा, कदंब. माघात कमरेएवढी झाली होती. आता काड्यांसारखी ओळीने उभी होती आणि हात लावला की पानांचा भुगा होत होता.

भोपाळच्या त्या मोठ्या कारखान्याच्या वसाहतीतली ही बाग सरकारीही नव्हती आणि कुणाच्या मालकीचीही नव्हती. जमीन कारखान्याची, घाम बाग मंडळाचा. दर रविवारी सकाळी साडेसहाला श्रमदान. मग माणूस मॅनेजर असो की फिटर, त्याच्या हातात खुरपंच. निदान पहिला अर्धा तास तरी. नंतर मॅनेजर लोक सूचना द्यायला लागत.

पण मार्चचे पहिले दोन रविवार श्रमदान बंद होतं. दुखवटा होता. बागेचा प्रत्येक नळ आणि प्रत्येक सांधा ज्यांच्या हाताखालून गेला होता, ते मेंटेनन्सचे फोरमन भालचंद्र, चोवीस फेब्रुवारीच्या सोमवारी जवाहर चौकातल्या बसस्टॉपवर टेकले ते उठलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी लोक खुरपी घेऊन आले, तर पूर्वेची सगळी रांग वाळलेली. पश्चिमेची बाजू हिरवीगार.

हे सगळं वैजयंतीला, म्हणजे भालचंद्रांच्या बायकोला, दहा वाजता सिंधूने सांगितलं. सिंधू रोज डबा घेऊन यायची आणि "जेव गं" म्हणायची. त्या दिवशी डबा होता, "जेव गं" नव्हतं.

"पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केलेला सापडला," सिंधू म्हणाली. "चेंबरचं झाकण उचलून बघितलं नीळकंठरावांनी. पक्का पिळून बंद. मीटिंगपर्यंत तसाच ठेवायचा म्हणाले."

"हं," वैजयंती म्हणाली.

"आणि तो मी बंद केला म्हणतायत."

वैजयंतीने तिच्याकडे पाहिलं. वीस दिवसांत लोक काय काय बोलून गेले होते, ते सगळं तिला कापसातून ऐकू आल्यासारखं यायचं. मुलं येऊन परत गेली, तेरावा झाला, चहा गरम की गार हे पिऊन झाल्यावरही कळेनासं झालं. हे वाक्यही तसंच आलं. फक्त ते जरा अडकून बसलं.

"मंगळवारी मीटिंग आहे," सिंधू म्हणाली. "ठराव येणार. माझ्याकडून वाचनालयाची किल्ली काढून घ्यायची."

सिंधू भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. भांडी भावजयीची, पलंग भावाचा, खिडकीही भाचीच्या अभ्यासाची. मंडळाचं वाचनालय ती नऊ वर्षं विनामोबदला उघडत होती, सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. वसाहतीत तिचं म्हणावं असं काही असेल तर ती एक पितळी किल्ली.

"तू शोध ना," ती म्हणाली. "तुला जमतं."

जमायचं खरं. हळदीकुंकवात कुणाची चप्पल कुणी घालून नेली इथपासून ते वसाहतीच्या गणपतीची समई कुठे गेली इथपर्यंत सगळं वैजयंतीकडे यायचं. कुठे शिकली नव्हती. माणसं बोलताना ती त्यांच्या हातांकडे बघायची, एवढंच.

"माझ्या डोक्यात काही शिरत नाही गं आता," ती म्हणाली.

"मग नुसती चल. बाहेर तर पड."

२

बागेत नीळकंठराव हजरच होते. मंडळाचे सेक्रेटरी, कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसात नोकरी. काखेत फाइल नसेल तर ते अर्धवट कपडे घातल्यासारखे दिसायचे.

"वहिनी, तुम्ही कशाला तसदी घेतली," ते म्हणाले. "प्रकरण सरळ आहे. बावीस तारखेला सिंधूताईंनीच सूचनावहीत लिहिलंय. सकाळी पूर्वेची लाइन चालू असली की त्यांच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात पाणी चढत नाही, तेव्हा ती तासभर बंद ठेवावी. बावीसला तक्रार, आणि पाणी बंद. शिवाय आमच्या हिनं, मालतीनं, त्यांना या चेंबरवर ओणवं झालेलं पाहिलंय."

"वाचनालयाच्या सतरंज्या झटकत होते मी," सिंधू म्हणाली. "तेवढीच एक स्वच्छ जागा आहे. आणि ते झाकण मला एकटीला उचलतं का? तुम्हाला दोघं लागले."

"मी कुठे म्हणतो तुम्ही एकट्या होता?"

वैजयंतीने वादात भाग घेतला नाही. ती रांगेच्या कडेने चालत गेली. मोजायचं म्हणून नाही, पाय चालत होते म्हणून. पण डोळ्यांनी मोजलंच. साठ नव्हती मेलेली. चोपन्न होती. रांगेच्या या टोकाची, पश्चिमेच्या नळाजवळची सहा रोपं मलूल होती, पण जिवंत. त्यांच्या आळ्यांत माती ओली होती आणि काठावर बादलीच्या बुडाचे गोल ठसे होते.

"बादलीनं पाणी घातलंय कुणीतरी," ती म्हणाली.

"असेल," नीळकंठराव म्हणाले. "कुणाला दया आली असेल."

"पाण्याच्या पाळीची वही बघू."

वही तिथेच शेडच्या खिळ्याला टांगलेली. सोमवार-मंगळवार अनंत, वय वर्षं सत्तावन्न, फिटर. बुधवार-गुरुवार जयंत, फाउंड्रीतला तरुण इंजिनियर. शुक्रवार-शनिवार वसाहतीच्या शाळेतले अरविंद मास्तर. पण ते वीस फेब्रुवारीपासून लेकीच्या लग्नासाठी नागपूरला, म्हणून त्यांच्या जागी स्टोअर्सचे रमेश दुबे. पश्चिमेच्या रकान्यात रोज सही होती. पूर्वेच्या रकान्यात चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून सही नाही. नुसती आडवी रेघ. तिघांचीही.

"बघा हा आळस," नीळकंठराव म्हणाले.

आळशी माणूस खोटी सही ठोकून मोकळा होतो, असं वैजयंतीला वाटलं. जे काम केलं नाही त्यापुढे रेघ मारणारा माणूस वेगळा. तिने चेंबरचं झाकण उचलायला सांगितलं. सिंधू आणि नीळकंठराव दोघांनी मिळून ते सरकवलं, सेक्रेटरींनी मध्ये एकदा कमरेला हात लावून.

आत व्हॉल्व्हचं चाक, गंजलेलं. चाकाच्या एका आरीवर तळहाताएवढा चौकोन गंजाच्या मानाने स्वच्छ होता, जणू तिथे काही टेकून राहिलं होतं. आणि आरीला तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकलेला होता. पक्कडीने कापलेला, टोकं ताजी चमकत होती. वैजयंतीने खाली वाकून तो सोडवला.

तारेला तीन पीळ होते आणि तिन्ही उलटे. सगळं जग उजवीकडे पिळतं, ही डावीकडे पिळलेली.

असा पीळ घालणारा माणूस तिला चांगला माहीत होता. घरातली कपड्यांची तार, कुकरचा कान, मच्छरदाणीचे कोपरे, सगळं त्याने असंच बांधलं होतं. पण तो आता कुणाची झाडं मारायला येणार नव्हता.

३

सोमवारी दुपारी शिफ्ट सुटल्यावर ती जयंतकडे गेली. त्याच्या आईने पोहे केले. ते तिने खाल्ले, चव लागली नाही.

"काकू, मी काहीच केलं नाही हो," जयंत म्हणाला. प्रश्न विचारायच्या आधीच.

"तेच विचारायला आले. का नाही केलंस?"

"नळाला पाणी येत नाही म्हटल्यावर चेंबर उघडलंस ना?"

"उघडलं."

"व्हॉल्व्ह बंद दिसला?"

"दिसला."

"मग फिरवायचा. तुला काय, एका हाताचं काम."

जयंतने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. सहा फुटी इंजिनियर, पण तोंड पाढा न येणाऱ्या पोरासारखं झालं होतं. "मला वाटलं... कुणीतरी मोठं माणूस बघेल. मी बादल्या मारल्या काकू. माझ्या पाळीला दहा-दहा. पश्चिमेच्या नळावरून. त्याहून जास्त नाही जमलं."

"चाक फिरवायचं सोडून बादल्या वाहिल्यास?"

"हो."

"आणि सिंधूताईंवर आलं तेव्हा गप्प बसलास?"

"चाकाला काही दिसलंच नाही ना काल. मला वाटलं होतं तिथे... जाऊ दे काकू. आई, काकूंना चहा."

तिथे काय असायला हवं होतं, ते त्याने सांगितलं नाही. त्याची आई चहा घेऊन आली तेव्हा तो आत निघून गेला होता.

रमेश दुबे इंद्रपुरीच्या बाजूच्या गल्लीत भाजी घेताना भेटले. वैजयंतीला बघून त्यांनी हातातली पालकाची जुडी परत ठेवून दिली, जणू तीही चोरीची होती.

"भाभीजी, आप आराम कीजिए," ते म्हणाले. "पेड़ का क्या है. फिर लग जाएँगे."

"दुबेजी, आपने भी बाल्टी से पानी डाला?"

"थोड़ा-बहुत."

"व्हॉल्व्ह क्यों नहीं खोला?"

दुबेजी बराच वेळ वांगी निवडत राहिले. घेतलं एकही नाही. "तीस साल स्टोअर में हूँ, भाभीजी. मशीन पर नहीं. फिर भी कुछ चीज़ें हम लोग नहीं छूते. हाथ ही नहीं उठता."

"कौन सी चीज़ें?"

"वो आप अनंत से पूछिए," ते म्हणाले, आणि पिशवी रिकामीच घेऊन निघून गेले.

घरी येताना वैजयंती हिशेब जुळवत होती. तिघांनी चेंबर उघडलं. तिघांनी व्हॉल्व्ह बंद पाहिला. तिघंही झाडांच्या बाजूचे, नाहीतर बादल्या कोण वाहतो. तरी चाकाला कुणी हात लावला नाही. आणि तिघं कारखान्यातले. मंडळाच्या पाळीतला एकटा बाहेरचा माणूस, शाळामास्तर, तो मात्र नागपूरला. मास्तर इथे असते तर पहिल्याच शुक्रवारी चाक फिरवून मोकळे झाले असते. कारण त्यांना ती गोष्ट दिसूनही कळली नसती.

आता एकच बघायचं राहिलं होतं. ते कपाटात होतं, आणि वीस दिवस तिने ते कपाट उघडलं नव्हतं.

४

हॉस्पिटलातून दिलेलं पाकीट तपकिरी कागदाचं होतं, वर स्टेपल. पैशाचं पाकीट, चष्मा, बसचं तिकीट. आणि एका पुडीत रबरी वायसर, नवा कोरा. पुडीवर जवाहर चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा शिक्का.

तिने तो तळहातावर घेतला. त्या सोमवारी त्यांची दुसरी पाळी होती. सकाळी "आलोच" म्हणून गेले. जवाहर चौकात ते कशाला गेले होते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. माणूस कुठे मेला याच्यापुढे 'का' जोडत बसण्याइतकं डोकं चालत नव्हतं. आता जोडलं गेलं. पूर्वेच्या लाइनचा सांधा गळत होता. पाणी बंद केलं, माप घेतलं, वायसर आणायला गेले.

काही तरी वाटायला हवं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पायात चपला सरकवल्या.

अनंत अंगणात सायकल पुसत होता. भालचंद्रांबरोबर एकाच दिवशी कामाला लागलेला, छत्तीस वर्षांपूर्वी. वैजयंतीने तारेचा तुकडा सायकलच्या सीटवर ठेवला. वायसर शेजारी ठेवला.

अनंत तार बघत राहिला. मग आत गेला आणि एक लाल पत्र्याचा चौकोनी टॅग घेऊन आला. पांढऱ्या अक्षरांत "काम चालू – हात लावू नये", खाली भालचंद्रांचं नाव आणि टोकन नंबर.

"रविवारी श्रमदानाच्या आधी जाऊन कापला मी," तो म्हणाला. "म्हटलं, लोकांनी झाकण उघडल्यावर हे दिसायला नको."

"म्हणजे वाचवलं तुम्ही त्यांना."

"वहिनी, चोपन्न झाडं. पोरंसुद्धा म्हणतील, भालचंद्रकाकांनी पाणी बंद करून ठेवलं आणि गेले. आपल्याला ऐकवलं नसतं."

"आणि सिंधू?"

अनंतने फडकं पिळलं. कोरडंच होतं. "तिचं नाव निघेल असं वाटलं नव्हतं. वाटलं, नीळकंठ दोन दिवस ओरडेल आणि विसरेल."

"आधी का नाही उघडलंत? वीस दिवस होते."

"कारखान्यात माणूस मशीनवर काम करायला लागला की स्विचला आपला टॅग बांधतो," अनंत म्हणाला. "तो काढायचा त्यानंच. साहेब आला तरी हात लावायचा नाही. का, तर आत माणूस असतो. दुसऱ्यानं चालू केलं तर त्याचा हात जातो, जीव जातो. आमच्या डोळ्यांदेखत गेलेत. भालचंद्रनंच शिकवलंय आम्हाला सगळ्यांना. त्या जयंतला तर पहिल्या आठवड्यात टॅगला हात लावला म्हणून कानाखाली वाजवली होती."

"पण ते आत नव्हते, भावजी."

"ते आम्हाला माहीत होतं, वहिनी. हाताला माहीत नव्हतं."

अनंतने टॅग खिशात घातला.

"तुम्हाला तरी येऊन विचारायचं कसं," अनंत म्हणाला. "दहाव्याला आलो तेव्हा तोंडात आलं होतं. त्याचा टॅग काढू का? हे काय विचारणं झालं? आणि आता बोलू नका मीटिंगमध्ये. मी नीळकंठला बाजूला घेऊन सांगतो, ठराव मागे घे. आरोप नाही, चर्चा नाही. विषय संपला."

"आणि सिंधूनं केलं की नाही, ते?"

"ते आपोआप मागे पडेल."

मागे पडणार नव्हतं. किल्ली राहिली असती, पण वाचनालयात पेपर चाळणाऱ्या प्रत्येकाने सिंधूची पाठ वळली की बागेकडे बघितलं असतं. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचं नाव घ्यायला हवं होतं, भरल्या सभेत, जिथे त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहून जेमतेम आठवडा झाला होता.

"तुम्ही नाही बोलणार?" तिने विचारलं.

अनंतने मान हलवली. "माझ्या तोंडून नाही निघणार ते."

५

मंगळवारी साडेपाचला वाचनालयात चाळीसेक माणसं जमली. सिंधूने येताच किल्ली टेबलावर ठेवली होती, कुणी मागायच्या आधी. नीळकंठरावांनी घसा साफ केला, ठरावाचा कागद उलगडला.

वैजयंती उभी राहिली. तिला भीती वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. जे नाही ते नाही. तिने नुसतं एकामागोमाग एक सांगितलं, रेशनची यादी वाचावी तसं.

"चोपन्न झाडं मेली, सहा जगली. जी जगली त्यांना बादलीनं पाणी घातलंय. पाणी बंद करणारा माणूस बादल्या वाहत नाही. वहीत तिघांनी रेघ मारलीय, म्हणजे तिघांना माहीत होतं. चाक एका हातानं फिरतं, तरी तिघांनी बादल्या वाहिल्या. का, तर चाकाला टॅग होता. टॅग ज्याचा असेल त्यानंच काढायचा, असं कारखान्यातल्या प्रत्येकाला शिकवलेलं आहे. सिंधूला नाही शिकवलेलं. तिनं व्हॉल्व्ह बंद केला असता तर तिनं कशाला टॅग लावला असता, आणि कुठून आणला असता?"

"कसला टॅग?" नीळकंठराव म्हणाले. "मी झाकण उघडलं तेव्हा काही नव्हतं."

"तो नंतर काढला. माझ्या भल्यासाठी. कुणी, ते विचारू नका." तिने मुठीतली पुडी उघडली. "टॅग आमच्या यांचा होता. चोवीस तारखेला सकाळी सांधा दुरुस्त करायला त्यांनी पाणी बंद केलं. वायसर आणायला गेले. तो आणलाही होता. हा बघा."

जयंत पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकवून बसला होता. दुबेजींनी चष्मा काढून तो शर्टाने पुसायला घेतला. वायसर हातोहात फिरला, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. नीळकंठरावांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग ठरावाच्या कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि किल्ली दोन्ही हातांनी सिंधूपुढे सरकवली.

"सिंधूताई, माझं चुकलं," ते म्हणाले. फाइलमध्ये नसलेलं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच बोललेलं ऐकलं लोकांनी.

सिंधूने किल्ली उचलली, पण ती वैजयंतीवर भडकली होती. "मी सांगितलं होतं का तुला, त्यांचं नाव घे म्हणून?" ती कुजबुजली. "काहीतरी दुसरं शोधायचं ना."

"दुसरं नव्हतं गं," वैजयंती म्हणाली.

तेव्हा अनंत उठला. मागच्या भिंतीपाशी उभा होता. खिशातून लाल टॅग काढून त्याने टेबलावर ठेवला.

"काढला तो मी," तो म्हणाला. "आणि चुकीच्या रीतीनं काढला. टॅगवाला माणूस येऊ शकत नसेल तर त्यालाही नियम आहे. तीन गोष्टी. पहिली, तो कामाच्या जागी नाही याची खात्री करायची. ती झाली. दुसरी, त्याचं काम पुरं करून लाइन तपासायची. वायसर द्या, आत्ता बसवतो."

"आणि तिसरी?" नीळकंठरावांनी विचारलं.

अनंतने खाली बघितलं. "तिसरी... तो माणूस परत कामावर यायच्या आधी त्याला सांगायचं. की तुझा टॅग काढलाय. पाणी चालू केलंय. ते सांगितल्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नाहीत."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ते माझ्याकडे द्या," वैजयंती म्हणाली.

अनंतने आणि जयंतने सांधा उघडला, वायसर बसवला, चाक फिरवलं. सहा रोपांच्या आळ्यांत पाणी शिरेपर्यंत सगळे उभे होते. मेलेली चोपन्न उपटायची कधी, यावर तिथेच वाद सुरू झाला आणि तो ऐकत लोक पांगले.

वैजयंती घरी आली. सात वाजायचे होते, उजेड होता. भालचंद्र ज्या खुर्चीत बसून बूट घालायचे तिच्यासमोर ती पलंगावर बसली. कसं सुरू करावं ते कळेना.

"अहो," ती म्हणाली. आवाज खरखरीत निघाला. "टॅग काढला तुमचा. अनंत भावजींनी वायसर बसवला. पूर्वेचं पाणी चालू केलंय."

सांगून झालं. काम एवढंच होतं. पण मग वाटलं, चोपन्न झाडं गेली तेही सांगायला हवं, नाहीतर ते विचारतील. ते सांगितलं. जयंतच्या बादल्यांचं सांगितलं. मग धाकट्याने परत जाताना स्टेशनवर थोरल्याशी भांडण केलं ते, पेन्शनच्या कागदावर तिची सही जुळत नाही म्हणून ऑफिसने परत पाठवला ते, क्वार्टर सोडायची नोटीस अजून आली नाही पण येईल ते. रडू येत नव्हतं. बोलणं मात्र थांबत नव्हतं. मध्येच ती उठली, उकडत होतं म्हणून पंखा लावला, आणि परत येऊन बसून पुढचं सांगायला लागली.